घरच्या सामाईक संगणकावर युजर बदलला की काळी स्क्रीन, गायब आयकॉन: सुरुवात कुठून करावी?

माजघर (प्रश्न)

घरातल्या सगळ्यांना मिळून एकच डेस्कटॉप आहे. विंडोज 11 होम, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला. चार अकाउंट आहेत: एक ॲडमिन, तीन स्टँडर्ड. माणूस बदलतो तेव्हा कुणी साइन आउट करत नाही, सरळ दुसऱ्याच्या नावावर क्लिक करून पुढे जातात. अडचणी अशा:

दुसऱ्याचा पासवर्ड टाकल्यावर कधी कधी नुसती काळी स्क्रीन येते. माऊसचा बाण दिसतो, हलतोही, पण टास्कबार नाही की आयकॉन नाहीत.

तिसरा-चौथा माणूस बसेपर्यंत संगणक इतका संथ होतो की ब्राउझर उघडायलाही वाट बघावी लागते. शटडाउन करून पुन्हा चालू केला तरी काही वेळा लगेच तेच.

एका अकाउंटमध्ये अधूनमधून सगळं कोरं दिसतं. वॉलपेपर मूळचं, डेस्कटॉपवरच्या फाइली गायब, आणि टेम्पररी प्रोफाइलने साइन इन झाल्याचा संदेश. रीस्टार्ट केलं की बहुतेकदा सगळं परत दिसतं.

चौथी गोष्ट लहान, पण भांडणाला कारण: एकाने डेस्कटॉपवरचा आयकॉन काढला की तो इतरांच्या डेस्कटॉपवरूनही जातो. सगळेच जात नाहीत, काहीच जातात.

हा एकच बिघाड आहे की वेगवेगळे? विंडोज नव्याने टाका असं सुचवलं जातंय. ते टाळता आलं तर हवं आहे.

तारयंत्र

विंडोज नव्याने टाकायची गरज दिसत नाही. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींची कारणं वेगवेगळी असू शकतात, आणि एकत्र सोडवायला गेलात तर गुंता वाढेल. प्रत्येक तक्रारीला आधी हा प्रश्न विचारा: दुखणं प्रोफाइलचं आहे, सेशनचं आहे, की अख्ख्या यंत्राचं?

प्रोफाइल म्हणजे सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरमधलं त्या माणसाचं फोल्डर, आणि त्यातली एनटीयुजर डॉट डॅट ही लपलेली फाइल. त्याची बरीचशी सेटिंग्ज त्या फाइलीत असतात. सेशन म्हणजे साइन इन केल्यापासून साइन आउट करेपर्यंत त्याच्या नावावर चालू असलेले प्रोग्राम. यंत्र म्हणजे ड्रायव्हर, सर्व्हिसेस, पेजिंग फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची फाइल), जे सगळ्यांना सामाईक आहे ते. युजर बदलताना स्विच केलं तर पहिल्याचं सेशन जसंच्या तसं मागे चालू राहतं. त्याचा ब्राउझर, त्याचे टॅब, त्याचा व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम, सगळं. साइन आउट केलं तरच ते बंद होतं. तुमच्या निम्म्या तक्रारी मला इथूनच आलेल्या वाटतात.

तपासायची पद्धत. संगणक रीस्टार्ट करा आणि ज्याला त्रास होतो त्याच युजरने सर्वांत आधी साइन इन करावं. आता बिघाड येत नाही, पण दुसऱ्याचं सेशन मागे उघडं असताना येतो, तर सेशन एकमेकांच्या आड येत आहेत. एकट्याने बसूनही त्याच एका अकाउंटमध्ये येत राहतो, तर प्रोफाइल बिघडलंय. मग सेटिंग्ज → अकाउंट्स → अदर युजर्समध्ये जाऊन एक कोरं लोकल अकाउंट तयार करा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय जोडायचा पर्याय आत दोन पायऱ्यांनी सापडतो. त्यातही तेच झालं तर यंत्र.

वर मुद्दाम रीस्टार्ट म्हटलंय, शटडाउन नाही. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना युजरची सेशनं बंद होतात, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर पुन्हा अडकलेलाच मिळतो. रीस्टार्ट मात्र सगळं मुळापासून चढवतं. ही सोय बंद करायला कंट्रोल पॅनेल → पॉवर ऑप्शन्स → चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू → चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल, आणि खालच्या टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी असल्यावर चालू होण्याच्या वेळेत पडणारा फरक नगण्य, त्यामुळे सामाईक संगणकावर मी ती बंदच ठेवा म्हणेन.

आता काळी स्क्रीन. ती आली की घाईने पॉवर बटण दाबून धरू नका. मागे दुसऱ्याची फाइल उघडी असू शकते. कंट्रोल + ऑल्ट + डिलीट दाबा. हा निळसर पडदा विंडोज एका वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर काढतं, युजरच्या एक्सप्लोररशी त्याचा काही संबंध नसतो. तो व्यवस्थित आला तर मॉनिटर आणि ग्राफिक्स ड्रायव्हर काम करताहेत, अडलाय तो एक्सप्लोरर. टास्कबार, स्टार्ट, आयकॉन हे सगळं एक्सप्लोररच दाखवतो.

त्याच पडद्यावरून टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसेसच्या यादीत विंडोज एक्सप्लोरर असेल पण गोठला असेल, तर राइट क्लिक करून रीस्टार्ट. यादीत नसेलच तर वरचं रन न्यू टास्क दाबा, चौकटीत एक्सप्लोरर डॉट इएक्सइ हे नाव इंग्रजीत टाइप करा आणि एंटर. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेसची टिक तिथे लावू नका, अख्खा डेस्कटॉप ॲडमिन हक्कांनी चालवायचं कारण नाही.

कंट्रोल + ऑल्ट + डिलीटनेही काही उमटलं नाही, तर कॅप्स लॉक दाबून कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का ते पाहा. लागत असेल तर यंत्र जिवंत आहे, चित्र तेवढं अडलंय. विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी एकदम दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, बीप वाजते आणि स्क्रीन क्षणभर मिचकावते. उघडे प्रोग्राम बंद होत नाहीत. दिवाच हलत नसेल तर मात्र पॉवर बटणाशिवाय इलाज नाही.

ही झाली वेळ मारून नेण्याची पद्धत. मूळ शोधायला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घटनांची नोंदवही, उघडा. विंडोज लॉग्ज → ॲप्लिकेशनमध्ये काळ्या स्क्रीनच्या वेळेला ॲप्लिकेशन एररची 1000 क्रमांकाची नोंद आहे का बघा. एक्सप्लोररच्या नावाची असेल तर त्यातलं फॉल्टिंग मॉड्यूल नेम वाचा. तिथे एखाद्या बाहेरच्या प्रोग्रामच्या डीएलएलचं (सहायक फाइलीचं) नाव दिसलं तर तो प्रोग्राम अपडेट करा, नाहीतर काढून टाका. उजव्या क्लिकच्या मेनूत स्वतःचे पर्याय घुसवणारे झिप आणि क्लाउड ड्राइव्हचे प्रोग्राम इथे हमखास सापडतात. विंडोज लॉग्ज → सिस्टीममध्ये डिस्प्ले या स्रोताची 4101 नोंद असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाला होता. तेव्हा ड्रायव्हर बदला. तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमधलं असल्यामुळे मदरबोर्ड किंवा संगणक बनवणाऱ्याच्या साइटवरचा आधी. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजर → डिस्प्ले ॲडॅप्टर्स → प्रॉपर्टीज → ड्रायव्हर → रोल बॅक ड्रायव्हर.

संथपणासाठी ॲडमिन अकाउंटमधून टास्क मॅनेजर उघडून युजर्सच्या टॅबवर जा. प्रत्येक युजरपुढे त्याच्या सेशनने धरलेली मेमरी दिसते, आणि पडद्यामागे गेलेल्याच्या नावापुढे डिस्कनेक्टेड. त्या नावावर राइट क्लिक करून साइन ऑफ करता येतं, पण त्याचं न जपलेलं काम जातं, म्हणून विचारून. मग परफॉर्मन्स → मेमरीमधला कमिटेडचा आकडा इथे लिहा, तिरप्या रेघेच्या दोन्ही बाजूंचा. सगळे चारही जण आत असतानाचा.

निळी_वात

टेम्पररी प्रोफाइलबद्दल लिहितो, कारण यातच डेटा जाऊ शकतो.

तो संदेश दिसला की त्या सेशनमध्ये काहीही सेव्ह करू नका. विंडोजला तुमचं खरं प्रोफाइल चढवता आलं नाही म्हणून त्याने तात्पुरतं फोल्डर दिलंय, आणि साइन आउट करताच ते पुसलं जातं. डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये काही ठेवलं गेलंच असेल तर साइन आउटच्या आधी पेन ड्राइव्हवर किंवा पब्लिक फोल्डरमध्ये हलवा. खऱ्या फाइली सहसा युजर्समधल्या मूळ फोल्डरमध्ये सुखरूप असतात, नुसत्या दिसत नसतात.

असं का होतं? साइन इन करताना युजर प्रोफाइल सर्व्हिस एनटीयुजर डॉट डॅट उघडायला जाते. त्याच क्षणी दुसऱ्या कुणी ती फाइल धरून ठेवली असेल, उदाहरणार्थ अँटिव्हायरसच्या स्कॅनने किंवा बॅकअपच्या प्रोग्रामने, किंवा फाइल खराब झाली असेल, तर तात्पुरतं प्रोफाइल मिळतं. सी ड्राइव्ह गच्च भरल्यावरही हे होतं. तुमच्याकडे रीस्टार्टनंतर सगळं परत येतं, म्हणजे फाइल खराब नसून कुणीतरी धरून ठेवत असण्याची शक्यता जास्त.

इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये युजर प्रोफाइल सर्व्हिसच्या नोंदी पाहा. 1511 म्हणजे स्थानिक प्रोफाइल सापडलं नाही, तात्पुरतं दिलं. 1515 म्हणजे विंडोजने त्या प्रोफाइलची नोंद बाजूला ठेवली. 1530 ही नुसती सूचना असते, पण कामाची: साइन आउट होताना त्या युजरची रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) अजून कुठल्या प्रोसेसने उघडी ठेवली होती त्याचं नाव तिच्या तपशिलात असतं. एकटी 1530 दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. एकाच प्रोग्रामचं नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र चोर सापडला.

रीस्टार्टने परत आलं नाही, तर रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. त्या युजरने साइन इन केलेलं नको. दुसऱ्या ॲडमिन अकाउंटमधून हे करायचं, म्हणून घरच्या संगणकावर दोन ॲडमिन अकाउंट असावीत आणि दुसरं एरवी कुणी वापरू नये.

रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज एनटी → करंट व्हर्जन → प्रोफाइल लिस्ट इथे जा. आधी प्रोफाइल लिस्टवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट. हे टाळू नका. खाली एस-1-5-21 ने सुरू होणाऱ्या लांबलचक की (रजिस्ट्रीतले कप्पे) दिसतील, दर युजरची एक. कुठली कोणाची ते उजवीकडच्या प्रोफाइल इमेज पाथमधल्या फोल्डरच्या नावावरून कळतं. बिघडलेल्या युजरची की दोनदा दिसली, एक साधी आणि एक शेवटी डॉट बॅक जोडलेली, तर डॉट बॅकवाली खरी. साध्या कीच्या नावापुढे डॉट ओल्ड जोडा, मग दुसरीच्या नावातलं डॉट बॅक काढून टाका. या क्रमानेच, कारण एकाच नावाच्या दोन की राहू शकत नाहीत. डॉट बॅकवाली एकटीच असेल तर नुसतं शेपूट काढा. त्या कीमध्ये स्टेट आणि रेफकाउंट या नोंदी असतील तर दोन्हींची किंमत 0 करा. नसतील तर नव्या तयार करत बसू नका. रीस्टार्ट, आणि त्या युजरने साइन इन करून बघावं.

तरीही जमलं नाही तर एनटीयुजर डॉट डॅट खराब झाली असं समजून नवं अकाउंट करा. जुन्या फोल्डरातलं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स असं साहित्य न्या, तेही जुन्या-नव्या दोघांनी साइन आउट केलेलं असताना त्या दोघांहून वेगळ्या ॲडमिन अकाउंटमधून. एनटीयुजर या नावाने सुरू होणारी एकही फाइल नेऊ नका. नेली तर बिघाडही सोबत जातो.

दुसरा_कळफलक

आयकॉनचं गूढ सोपं आहे. डेस्कटॉपवर दिसणारे आयकॉन दोन फोल्डरांतून एकत्र येतात: एक तुमचं स्वतःचं डेस्कटॉप फोल्डर, दुसरं सगळ्यांचं पब्लिक डेस्कटॉप. प्रोग्राम इन्स्टॉल करताना सर्व युजरसाठी असा पर्याय निवडला असेल तर शॉर्टकट पब्लिकमध्ये जातो. तिथला आयकॉन काढला की सगळ्यांचाच जातो. स्टँडर्ड युजरला त्यासाठी ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो, म्हणजे काढणारा बहुधा ॲडमिन अकाउंटवर बसलेला असतो. विंडोज + आर दाबून शेल, कोलन, कॉमन डेस्कटॉप असं इंग्रजीत टाइप करा. ते लपलेलं फोल्डर उघडेल आणि सामाईक आयकॉन कोणते ते कळेल.

पण आयकॉनबरोबर फाइलीही जात असतील तर वनड्राइव्ह तपासा. दोन विंडोज अकाउंटमध्ये एकच वनड्राइव्ह खातं लावलेलं असेल आणि डेस्कटॉपचा बॅकअप दोन्हीकडे चालू असेल, तर दोन्ही डेस्कटॉप प्रत्यक्षात एकाच जागी जुळवले जातात. इकडे फाइल पुसली की तिकडूनही गेली. डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबवर वनड्राइव्ह हे नाव दिसलं की समजा. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये सिंक अँड बॅकअप → मॅनेज बॅकअप, आणि डेस्कटॉप बंद करा. पुसलेली फाइल वनड्राइव्हच्या वेबवरच्या रीसायकल बिनमध्ये वैयक्तिक खात्याला 30 दिवस मिळते.

अजून एक सांगतो, विचारलं नसलं तरी. ॲडमिनने दुसऱ्या युजरचं फोल्डर उघडलं की परवानगी नाही असं सांगून विंडोज कंटिन्यू हे बटण देतं. ते दाबलं की ॲडमिनला त्या फोल्डरचा प्रवेश कायमचा मिळतो, एका वेळेपुरता नाही. घरच्या माणसांची खाजगी फोल्डरं अशी नकळत उघडी पडू देऊ नका. देवाणघेवाणीसाठी पब्लिक डॉक्युमेंट्स वापरा.

माजघर

सांगितल्याप्रमाणे बघितलं. चौघं आत असताना कमिटेड 8.5/8.8 जीबी. युजर्स टॅबवर डिस्कनेक्टेड असलेल्या दोघांकडे मिळून 3.4 जीबी, जवळजवळ सगळी ब्राउझरची. काळ्या स्क्रीनच्या वेळी कंट्रोल + ऑल्ट + डिलीटचा पडदा येतो, एक्सप्लोरर यादीत नसतो. हाताने सुरू केला तर कधी येतो, कधी मेमरी कमी असल्याचा संदेश. 1000 ची नोंद एक्सप्लोररच्या नावाने नाही, 4101 पण नाही. रीस्टार्टनंतर एकट्या युजरने बसल्यावर काळी स्क्रीन आली नाही.

1511 आहे, 1515 पण. 1530 मध्ये दर वेळी बॅकअपच्या एकाच प्रोग्रामचं नाव. प्रोफाइल लिस्टमध्ये सध्या डॉट बॅक नाही.

वनड्राइव्ह कुणी वापरत नाही, आयकॉन पब्लिकमधलेच निघाले.

आणखी एक: रीस्टार्ट केल्यावर कुणीही न बसता एक युजर आधीच साइन इन झालेला दिसला. हे कसं?

तारयंत्र

8.5/8.8 या एका आकड्यात काळी स्क्रीन आणि संथपणा दोन्हींचं उत्तर आहे.

डावीकडचा आकडा म्हणजे प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी (कमिट), उजवीकडचा म्हणजे तिची मर्यादा: रॅम अधिक पेजिंग फाइल. 8 जीबी रॅमपैकी थोडी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी राखलेली असते, उरलेल्यात पेजिंग फाइल मिळवून एकूण 8.8 होत असेल तर पेजिंग फाइल फार तर एक जीबीच्या आसपास आहे. विंडोजवर सोपवली असती तर गरजेप्रमाणे वाढली असती. कुणीतरी एसएसडीची जागा वाचवायला ती आखडून ठेवली आहे. मर्यादेला टेकल्यावर नव्या युजरच्या एक्सप्लोररला मेमरीच मिळत नाही, तो सुरू होत नाही किंवा लगेच पडतो, आणि तुम्हाला काळी स्क्रीन दिसते. टास्क मॅनेजरला थोडकी मेमरी पुरते म्हणून तो उघडतो. मेमरी कमी असल्याचा संदेशही हेच सांगतो.

विंडोज + आर, सिसडीएम डॉट सीपीएल, ॲडव्हान्स्ड टॅब → परफॉर्मन्सखालचं सेटिंग्ज → ॲडव्हान्स्ड → व्हर्च्युअल मेमरी → चेंज. वरच्या ऑटोमॅटिकली मॅनेज पेजिंग फाइल साइझ फॉर ऑल ड्राइव्ह्जवर टिक, ओके, रीस्टार्ट. सी ड्राइव्हवर निदान 20-25 जीबी मोकळी ठेवा, नाहीतर फाइलीला वाढायला वाव नाही.

याने काळी स्क्रीन थांबायला हवी. संथपणा कमी होईल, जाणार नाही, कारण पेजिंग फाइल म्हणजे रॅम नव्हे. मागच्या सेशनांची पानं डिस्कवर जातील आणि परत येताना वेळ घेतील. चार माणसं, चार ब्राउझर आणि 8 जीबी हे गणित जमणारं नाही. 16 जीबी करता आली तर करा. रॅम घेण्याआधी परफॉर्मन्स → मेमरीमध्ये स्लॉट्स यूज्ड बघा. दोनपैकी एकच स्लॉट भरलेला असेल तर त्याच पिढीची 8 जीबीची दुसरी पट्टी पुरेल. डीडीआर4 आणि डीडीआर5 च्या खाचा वेगळ्या असतात, एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही फायदा होतो, कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, रॅमच वापरावी लागते.

आपोआप झालेलं साइन इन: सेटिंग्ज → अकाउंट्स → साइन-इन ऑप्शन्समध्ये, अपडेटनंतर माझी साइन-इन माहिती वापरून मांडणी पूर्ण कर अशा अर्थाचा स्विच आहे. तो चालू असेल तर अपडेटचं रीस्टार्ट झाल्यावर विंडोज त्या युजरला स्वतःच आत घेतं आणि स्क्रीन लॉक करतं. माणूस नाही, पण सेशन चालू. त्याच पानावर रीस्टार्टेबल ॲप्स जपून पुन्हा उघडण्याचा स्विच आहे. तो असेल तर जुने ब्राउझरही परत उघडतात. चारही अकाउंटमध्ये जाऊन दोन्ही बंद करा, कारण ही सेटिंग्ज ज्याची त्याची असतात.

निळी_वात

1530 मध्ये दर वेळी बॅकअपचाच प्रोग्राम, म्हणजे दिशा मिळाली. त्याच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी बघा. युजर साइन आउट किंवा साइन इन होताना बॅकअप सुरू कर असं काही असेल तर काढा आणि वेळ अशी द्या की तेव्हा कुणी बसत नाही. उघड्या फाइलींसाठी व्हॉल्यूम शॅडो कॉपी वापरण्याचा पर्याय असेल तर चालू करा. मग तो मूळ फाइल न धरता तिच्या स्थिर प्रतीवरून बॅकअप घेतो. हे दोन्ही पर्याय नसतील तर प्रोग्राम बदला. फोल्डर बॅकअपमधून वगळणं हा उपाय नव्हे, बॅकअप तर हवाच.

आता डॉट बॅक नाही, तेव्हा रजिस्ट्रीला हात लावू नका. पुन्हा 1511 आली तरच.

सांडशी

वरच्यांपैकी कुणी साइन आउट न करता युजर बदलण्याची (स्विचची) सोयच बंद करा असं म्हटलेलं नाही. माझ्या मते 8 जीबीवर ती बंदच हवी. एचकी लोकल मशीन → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंट व्हर्जन → पॉलिसीज → सिस्टीममध्ये हाइड फास्ट युजर स्विचिंग नावाचा डीवर्ड (आकडा साठवणारी नोंद) तयार करून किंमत 1. नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, म्हणून रजिस्ट्रीतूनच. किंमत 0 केली की पूर्ववत.

तारयंत्र

@सांडशी, पर्याय बरोबर आहे, पण त्याची किंमत सांगायला हवी. स्विच बंद असताना कुणी स्क्रीन लॉक करून निघून गेलं, तर दुसऱ्याला आत शिरायला संगणक रीस्टार्ट करावा लागतो आणि पहिल्याची न जपलेली फाइल जाते. जिथे लहान मुलं लॉक करून खेळायला पळतात तिथे हे रोज होईल. मी आधी सवय बदलून बघेन: डेस्कटॉपवर रिकाम्या जागी क्लिक करून ऑल्ट + एफ4 दाबलं की एक चौकट येते, तिच्या यादीत साइन आउट निवडायचं. मुलांनाही दोन मिनिटांत जमतं. स्विच फक्त पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी ठेवा.

दुसरा_कळफलक

युजर बदलल्यावर आणखी काही गोष्टी बिघडल्यासारख्या वाटतात, त्या इथेच नोंदवून ठेवतो.

कॅमेरा दुसऱ्या ॲपमध्ये वापरात आहे असं आलं, तर मागच्या सेशनमधला व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम बघा, खिडकी बंद केली तरी तो घड्याळाशेजारी चालू राहतो. प्रिंट भलत्याच प्रिंटरकडे जाते, कारण डीफॉल्ट प्रिंटर प्रत्येक युजरचा वेगळा असतो. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये विंडोजने डीफॉल्ट ठरवण्याचा स्विच बंद करून प्रत्येकाने आपला निवडावा. एखादा प्रोग्राम आधीच चालू आहे म्हणून उघडत नाही, तेव्हा तो दुसऱ्याच्या सेशनमध्ये उघडा असतो. अक्षरं एकाकडे मोठी, दुसऱ्याकडे बारीक, तर तो बिघाड नाही: डिस्प्लेमधलं स्केल ज्याचं त्याचं असतं.

पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणतो, तर साइन इनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघा. देवनागरी लेआउट राहिलेला असू शकतो. विंडोज + स्पेसने बदला. पासवर्डच्या चौकटीतला डोळा दाबून धरला की काय टाइप होतंय ते दिसतं.

पिंपळपान

हा धागा विंडोजचा आहे, तरी घरच्या लिनक्सवर युजर बदलला की आवाज जातो असं विचारत इथे येणारे असतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. बहुतेक वितरणांमध्ये साउंड कार्डाची परवानगी सिस्टीमडीचं लॉगिनडी (लॉगिन सांभाळणारी सर्व्हिस) देतं, आणि ती फक्त पडद्यावर असलेल्या युजरला. कुणीतरी जुन्या सल्ल्यावरून युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये घातलं, की त्याला ही परवानगी कायमची मिळते. तो मागे गेला तरी त्याचा साउंड सर्व्हर कार्ड सोडत नाही आणि पुढच्याला खऱ्या कार्डाऐवजी नुसतं डमी आउटपुट दिसतं. सर्व युजरना ऑडिओ ग्रुपमधून काढा, सगळ्यांनी साइन आउट करून परत या. गनोम डेस्कटॉपवर काळी स्क्रीन आली तर कंट्रोल + ऑल्ट + एफ1 ने सहसा लॉगिनचा पडदा येतो, एफ2 पासून पुढे एकेकाचं सेशन. दुसऱ्या की दाबून आपलं सेशन सापडलं तर ते मेलेलं नव्हतं, पडदा तेवढा चुकीच्या जागी होता.

माजघर

पेजिंग फाइल 1024 एमबीवर बांधलेली होती, ती विंडोजवर सोपवली. आता चौघं आत असताना कमिटेड 8.6/13.5 दिसतं आणि काळी स्क्रीन आलेली नाही. दोन्ही स्विच चारही अकाउंटमध्ये बंद केले. बॅकअपच्या प्रोग्राममध्ये शॅडो कॉपीचा पर्याय सापडला, चालू केला, वेळ पहाटेची ठेवली. स्लॉट्स यूज्ड 1 ऑफ 2, डीडीआर4, स्पीड 2666. दुसरी पट्टी 3200 ची घेतली तर चालेल का?

तारयंत्र

चालेल. दोन्ही मिळून 2666 वर किंवा मदरबोर्ड जमवेल त्या वेगावर चालतील. बसवण्याआधी फास्ट स्टार्टअप बंद केलाय ना ते बघा, शटडाउन करा, मागून वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. पट्टीच्या दोन्ही टोकांना कट्ट असा आवाज येईपर्यंत सारखा दाब द्या. चालू झाल्यावर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण चालवा. त्यात चूक दाखवली तर नवी पट्टी एकटी लावून पुन्हा चालवा, म्हणजे दोष पट्टीत आहे की जोडीत ते कळेल.